संगीतांतील राष्ट्रीयत्व : बेला बार्टोकची साक्ष

एकोणिसाव्या शतकांत राष्ट्रीयत्वाची कल्पना युरोपांतील राजकारणांतून वाङ्मयांत आणि वाङ्मयांतून संगीतांत शिरली. झेक, पोल, हंगेरियन, फिन यांसारखे लोक त्या काळीं परक्या राजसत्तेखालीं नांदत होते. कोणाला स्वतःचें राज्य नव्हतें, तर कोणाच्या भाषेला कचेरींत व विद्यालयांत मान नव्हता. अशा स्थितींत आपलें म्हणून एक संगीत असलें पाहिजे, ही आकांक्षा त्यांच्या ठायीं उत्पन्न व्हावी हें स्वाभाविकच होतें. जर्मन व इटालियन गुरूंनीं घालून दिलेल्या वाटेनें जावयाचें, परंतु बोलावयाचें मात्र आपल्या घरच्या आवाजांत, असा निश्चय करून जे रचनाकार पुढें आले, त्यांना पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासांत राष्ट्रीय पंथाचे रचनाकार म्हणतात.

हा पंथ लोकप्रिय झाला खरा. पण एखाद्या संगीताला राष्ट्रीय म्हणावयाचें तें कशावरून, या प्रश्नाचें उत्तर बहुधा फार सोपें करून सांगण्यांत येतें. शेतकऱ्याच्या तोंडची चाल घ्यावी, तिला वाद्यवृंदाचा साज चढवावा, शेवटीं नगाऱ्यांचा गजर करावा, कीं झालें राष्ट्रीय संगीत! दुसरें उत्तर याहून गंभीर, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. प्रत्येक राष्ट्राच्या रक्तांतच एक संगीत असतें, आणि परकीयांची भेसळ काढून टाकली कीं तें शुद्ध स्वरूपांत हातीं येतें, असें हें उत्तर सांगतें. हीं दोन्ही उत्तरें अनुभवाच्या कसोटीला उतरत नाहींत, असें आम्हांस वाटतें. आणि तें कां, हें येथें पाहावयाचें आहे.

प्रथम रक्ताच्या उपपत्तीचा समाचार घेऊं. बोहेमियाच्या बेड्रिख स्मेटानाला (१८२४–१८८४) झेक संगीताचा जनक मानतात. १८६६ सालीं प्रागमध्यें रंगभूमीवर आलेला त्याचा ‘द बार्टर्ड ब्राइड’ हा विनोदी ऑपेरा आणि १८७४ ते १८७९ या काळांत, पूर्ण बहिरेपणा आला असतां, रचलेली ‘माझा देश’ ही सहा खंडांची वाद्यवृंदरचना या दोन कृतींवर झेक लोकांचें आजहि निरतिशय प्रेम आहे. परंतु हा राष्ट्रपुरुष वाढला तो जर्मन भाषेंत. वयाची पस्तिशी उलटल्यावर त्यानें झेक लिहिण्याचा नेटानें अभ्यास आरंभिला. त्याच्या रचनेंतील व्हल्ताव्हा नदीची जी चाल ऐकतांच झेक श्रोत्याचा ऊर भरून येतो, तिचें रूप एका जुन्या इटालियन गीताशीं जुळतें. त्या चालीचीं भावंडें युरोपांत ठिकठिकाणीं आढळतात. इझ्राएलच्या राष्ट्रगीताची चालहि त्याच कुळांतील आहे. पोलंडचा आत्मा म्हणून ज्याचें नांव घेतात त्या शोपॅंचा पिता फ्रेंच होता, आणि शोपॅंनें आपल्या आयुष्याचीं शेवटचीं अठरा वर्षें मुख्यतः पॅरिसमध्यें काढलीं. फिनलंडचा यान सिबेलिउस स्वीडिश बोलणाऱ्या घरांत जन्मला. त्याच्या ‘फिनलांदिया’ या १८९९ सालच्या रचनेंतील प्रार्थनेसारखा भाग लोकगीतच असला पाहिजे असें पुष्कळांना वाटलें. परंतु ती चाल सर्वस्वीं त्याची स्वतःची होती. तेव्हां रक्त म्हणावें तर तें मिश्र, आणि चाल म्हणावी तर ती एक तर फिरस्ती, नाहीं तर नवी! तरीहि या रचनांत त्या त्या राष्ट्राला आपलें मुख दिसलें, हें नाकारतां येत नाहीं. मग हें राष्ट्रीयत्व आलें कोठून?

या प्रश्नाचा सर्वांत कसोशीनें विचार ज्यानें केला, आणि त्या विचाराची किंमतहि ज्यानें मोजली, तो रचनाकार म्हणजे हंगेरीचा बेला बार्टोक होय. म्हणून त्याचीच साक्ष आम्ही येथें विस्तारानें काढणार आहों.

बार्टोकचा जन्म १८८१ सालीं झाला. वयाच्या बाविसाव्या वर्षीं तो कडवा राष्ट्राभिमानी होता. ऑस्ट्रियन सम्राटाचें वर्चस्व त्याला सहन होत नसे. तो हंगेरियन पद्धतीचा पोशाख करी. आणि त्याच्या आईचें माहेर जर्मन असल्यामुळें घरांत जर्मन बोलण्याची जी संवय होती, ती सोडावी म्हणून तो आई व बहीण यांच्यामागें तगादा लावी. १९०३ सालीं त्यानें १८४८ च्या क्रांतीचा पुढारी कोशूत याच्यावर एक मोठी वाद्यवृंदरचना केली. तींत ऑस्ट्रियाच्या राष्ट्रगीताची चाल वेडीवांकडी करून शत्रूच्या सैन्याचें चित्र काढलेलें होतें. १९०४ च्या जानेवारींत बुडापेस्टमध्यें ती वाजविण्यांत आली तेव्हां वाद्यवृंदांतील कांहीं ऑस्ट्रियन वादकांनीं या विटंबनेस हरकत घेतली. तरुण बार्टोक एका दिवसांत राष्ट्राचा लाडका झाला.

परंतु आज ती रचना ऐकतांना एक गोष्ट कानाला स्पष्ट जाणवते. विषय हंगेरियन, आवेश हंगेरियन; मात्र मांडणी जर्मन रचनाकार रिखार्ड स्ट्राउस याची, आणि ‘हंगेरियन’ म्हणून जे अलंकार घातले आहेत ते लिस्टच्या ‘हंगेरियन रॅप्सोडी’ मधून आलेले. यांत बार्टोकचा दोष नव्हता. हंगेरियन संगीत म्हणजे उपाहारगृहांतून जिप्सी वादक व्हायोलिनवर वाजवितात तें, अशी त्या काळीं सर्व जगाची समजूत होती. लिस्टनें तर १८५९ सालीं एक ग्रंथ लिहून हें संगीत मूळ जिप्सींचेंच आहे असें प्रतिपादिलें होतें. वस्तुतः त्यांतील बहुतेक चाली एकोणिसाव्या शतकांतील शहरी, सुशिक्षित हंगेरियन गृहस्थांनीं रचलेल्या होत्या. जिप्सी वादकांनीं त्यांना आपल्या वादनशैलीचा पेहराव चढविला होता, इतकेंच.

१९०४ च्या उन्हाळ्यांत एका खेड्यांत राहत असतां ट्रान्सिल्व्हेनियाकडून आलेल्या एका दासीचें गाणें बार्टोकच्या कानीं पडलें. असलें हंगेरियन गाणें त्यानें पूर्वीं कधीं ऐकलें नव्हतें. पुढच्याच वर्षीं झोल्तान कोडाय या समवयस्क रचनाकाराशीं त्याचा परिचय झाला. कोडायनें लोकगीतांच्या संशोधनास आधींच आरंभ केलेला होता. दोघांनीं मिळून १९०६ मध्यें वीस हंगेरियन लोकगीतें पियानोच्या साथीसह प्रसिद्ध केलीं. आणि मेणाच्या नळकांड्यांवर आवाज टिपणारें फोनोग्राफ यंत्र घेऊन खेडींपाडीं पालथीं घालण्याचा जो क्रम तेव्हां सुरू झाला, तो बार्टोकनें पुढें कित्येक वर्षें चालविला. म्हाताऱ्या बाया परक्या माणसापुढें गावयास लाजत. यंत्राच्या कर्ण्याला भीत. त्यांची मनधरणी करून एकेक चाल टिपावयाची, आणि घरीं येऊन तींतील प्रत्येक हेलकावा लिपींत उतरवावयाचा, असें हें चिकाटीचें काम होतें.

या परिश्रमांतून जें हातीं आलें तें लिस्टच्या रॅप्सोडींहून अगदींच भिन्न होतें. सर्वांत जुन्या चाली पांच स्वरांच्या, म्हणजे आपल्या परिभाषेंत औडव जातीच्या निघाल्या. षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद हे त्यांचे स्वर आपल्या धानी रागाशीं जुळणारे आहेत. त्यांची गति वरून खालीं उतरणारी. पूर्वार्धांत जी चाल म्हणावयाची, तीच उत्तरार्धांत पांच सुरांनीं खालीं उतरवून म्हणावयाची, ही त्यांतील अनेक गीतांची रीति. लय तालाच्या चौकटींत कोंडलेली नसून बोलण्याच्या ओघाबरोबर लांबणारी व आखडणारी. हंगेरियन भाषेंत शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर पडतो. या गाण्यांतहि तो तसाच पडे. १९११ सालीं बार्टोकनें ‘नीलश्मश्रूचा किल्ला’ हा आपला एकमेव ऑपेरा लिहिला, त्यांत एकहि लोकगीत उचललेलें नाहीं. परंतु त्यांतील पात्रें ज्या लयींत गातात ती त्या जुन्या गीतांपासून आणि भाषेच्या बोलण्यापासून घेतलेली आहे. आमच्या मतें राष्ट्रीयत्वाचें खरें स्थान येथें आहे. चाल उसनी घेतां येते. पण आपल्या लोकांचें बोलणें व गाणें इतकें ऐकावें कीं स्वतःची नवी चालहि त्याच वळणानें जावी, हें उसनें घेतां येत नाहीं. तें मिळवावें लागतें.

येथपर्यंतची कथा राष्ट्राभिमान्यास सुखविणारीच आहे : खोटें राष्ट्रीय संगीत गेलें आणि खरें सांपडलें. परंतु बार्टोक तेथें थांबला नाहीं. हंगेरियन चालीचें वैशिष्ट्य काय हें ठरवावयाचें, तर शेजारच्यांच्या चाली ऐकल्या पाहिजेत, हें त्याच्यांतील शास्त्रज्ञानें ओळखलें. १९०६ पासून स्लोव्हाक, १९०८ पासून रुमानियन गीतें तो जमवूं लागला. त्यासाठीं त्या भाषा शिकला. १९१३ मध्यें अल्जीरियांतील बिस्क्रा भागांत जाऊन अरबांचें गाणें टिपून आला. त्यानें स्वतः टिपलेल्या रुमानियन चालींची संख्या हंगेरियन चालींहून अधिक भरते. आणि या सर्व खटाटोपाचा निष्कर्ष त्याच्या आरंभींच्या अपेक्षेहून निराळा निघाला. सीमा पुसट होऊं लागल्या. एखादी चाल हंगेरियनांकडून स्लोव्हाकांकडे गेली, तेथें तिनें नवें रूप घेतलें, आणि तें नवें रूप घेऊन ती पुन्हा माघारीं आली, असे प्रकार त्याला आढळले. पुढें कोडायनें जुन्या हंगेरियन चालींचीं भावंडें दूर व्होल्गा नदीच्या कांठीं मारी व चुवाश लोकांत दाखवून दिलीं. आणि १९३६ सालीं अहमद अदनान सायगुन या तुर्की रचनाकारासह आनातोलियांत हिंडतांना बार्टोकला तशाच उतरत्या चाली तुर्कांच्या तोंडीं ऐकूं आल्या.

विद्वत्तेच्या या शोधांना राजकारणानें लवकरच गांठलें. पहिल्या महायुद्धांत हंगेरीचा पराभव झाला, आणि १९२० च्या ट्रायानॉन येथील तहानें त्या देशाचा सुमारें दोन तृतीयांश मुलूख गेला. बार्टोकचें जन्मगांव रुमानियांत गेलें. ज्या नगरींत त्याचें शालेय शिक्षण झालें ती चेकोस्लोव्हाकियांत जाऊन ब्राटिस्लावा झाली. १९१५ सालीं त्यानें रचलेल्या सहा छोट्या नृत्यांच्या मथळ्यांत ‘हंगेरींतील रुमानियन’ असे शब्द होते. तहानंतर त्यांतला ‘हंगेरींतील’ हा शब्द त्याला गाळावा लागला. एका मथळ्यांतून एक शब्द जातो, आणि त्यामागें एका राष्ट्राची केवढी जखम असते, हें येथें दिसतें. अशा दुखावलेल्या काळांत रुमानियन शेतकऱ्यांच्या गाण्यावर लेख लिहिणारा हंगेरियन देशद्रोही ठरावा, यांत नवल नाहीं. १९२० मध्यें बुडापेस्टच्या वृत्तपत्रांतून त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला. उलट, १९३० नंतरच्या दशकांत रुमानियांतूनहि त्याच्यावर हल्ला आला, आणि तो हंगेरीच्या बाजूनें सत्याचा विपर्यास करतो असा आरोप झाला. जो मनुष्य दोन्ही बाजूंस परका वाटतो, तो पुष्कळदां केवळ खरें बोलत असतो.

या आरोपाला बार्टोकचें सर्वांत समर्थ उत्तर लेखांत नसून संगीतांत आहे. बुडा आणि पेस्ट हीं शहरें एक होऊन १९२३ मध्यें पन्नास वर्षें झालीं. त्या महोत्सवासाठीं नगरपालिकेनें दोह्‌नान्यी, कोडाय आणि बार्टोक या तिघांकडे रचना मागितल्या. कोडायनें ‘साल्मुस हुंगारिकुस’ हें आर्त व भव्य स्तोत्र दिलें. त्याचें तत्काळ स्वागत झालें. बार्टोकनें ‘नृत्यमालिका’ दिली. तिच्यांत सहा भाग असून त्यांना सांधणारें एक लहानसें ध्रुपद आहे. हें ध्रुपद हंगेरियन वळणाचें, मृदु, जणूं कोणी दूरवर पाहत स्वतःशींच गुणगुणावें असें आहे. परंतु मधल्या नृत्यांपैकीं कांहीं हंगेरियन, कांहीं अरबी वळणाचीं आहेत. एकांत हंगेरियन व रुमानियन रीति एकमेकींच्या हातांत हात घालून येतात. शेवटच्या भागांत त्या सर्वांचा मेळा भरतो. यांतील एकहि चाल उसनी नाहीं. सर्व त्याच्या स्वतःच्या आहेत. ज्या राजधानीनें तीन वर्षांपूर्वीं आपला मुलूख गमावला, तिच्या उत्सवांत त्यानें ज्यांच्याकडे तो मुलूख गेला त्यांनाच पंगतीला बसविलें! पहिला प्रयोग तालमीच्या अपुरेपणामुळें फसला. १९२५ मध्यें प्रागला ती रचना वाजली तेव्हां मात्र तिचा जयजयकार झाला. एखाद्या राष्ट्राच्या उत्सवाची रचना शेजाऱ्याच्या राजधानींत प्रथम समजली जावी, याला काव्यगत न्याय म्हणावयाचें कीं काय, हें वाचकांनींच ठरवावें.

आमचें बार्टोकवरील प्रेम आंधळें नाहीं. त्याच्या भूमिकेंत एक उणीव आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. रक्तशुद्धीचा त्यानें धिक्कार केला. परंतु शेतकऱ्याचें तें शुद्ध आणि शहरांतील तें बाटलेलें, असा दुसरा एक शुद्धिवाद त्याच्या लिखाणांत दीर्घकाळ वावरत होता. जिप्सी वादकांविषयीं त्यानें जी अढी धरली ती न्याय्य म्हणतां येणार नाहीं. चाली रचणारे गृहस्थ दुसरे असतील. पण त्या चालींना ज्यांनीं प्राण दिला, ते कलावंत नव्हते काय? मिश्रणाचा जो न्याय त्यानें स्लोव्हाक व रुमानियन यांना लाविला, तो आपल्याच नगरांतील जिप्सींना लावतांना त्याचा हात आंखडला. शिवाय, त्याच्या उत्तरकालीन कांहीं रचना, विशेषतः १९२८ चें चवथें स्ट्रिंग क्वार्टेट, सामान्य श्रोत्यास पहिल्या भेटींत घराचा उंबरठा ओलांडूं देत नाहींत. जनतेच्या गाण्यावर वाढलेली कला जनतेस दुर्बोध व्हावी, हा विरोध आहेच. कोडायनें शाळेंतील मुलांच्या गाण्यापासून आरंभ करून या विरोधाचा परिहार केला. बार्टोकला तो पूर्णपणें साधला नाहीं.

परंतु परीक्षेचा प्रसंग आला तेव्हां हा पुरुष डगमगला नाहीं. १९३८ सालीं हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर व्हिएन्नाहून रचनाकारांकडे वंश व रक्त विचारणारी प्रश्नावली आली. बार्टोक व कोडाय या दोघांनीं ती भरून देण्याचें नाकारलें, आणि बार्टोकनें आपला जुना व्हिएन्नाचा प्रकाशक सोडला. आई असेपर्यंत देश सोडणें त्याच्या जिवावर येत होतें. १९३९ च्या अखेरीस ती गेली, आणि १९४० च्या ऑक्टोबरांत त्यानें अमेरिकेची वाट धरली. निघण्यापूर्वीं केलेल्या मृत्युपत्रांत त्यानें बजावलें कीं, हंगेरींत जोंवर हिटलर किंवा मुसोलिनी यांचें नांव एखाद्या चौकास वा रस्त्यास आहे, तोंवर आपलें नांव कोणत्याहि रस्त्यास देऊं नये. न्यूयॉर्कमध्यें कोलंबिया विद्यापीठांत तो युगोस्लाव्ह लोकगीतें लिपिबद्ध करण्याचें काम करीत होता. तेथेंच १९४२ मध्यें त्यानें संगीतांतील वंशशुद्धीवर एक छोटा निबंध लिहिला. चालींची देवघेव हीच पूर्व युरोपच्या गीतसंपत्तीची जननी आहे, आणि भिंती उभारून तें संगीत शुद्ध राखूं पाहणें म्हणजे त्याला दरिद्री करणें होय, असा त्याचा आशय आहे. बाविसाव्या वर्षीं आईच्या तोंडची जर्मन भाषा बंद करूं पाहणारा तरुण, एकसष्टाव्या वर्षीं या निष्कर्षास पोंचला. तो प्रवास देशप्रेमाकडून देशप्रेमाच्या अभावाकडे झालेला नाहीं. देशाला जितक्या जवळून ऐकावें तितके शेजारी त्यांत ऐकूं येतात, हें त्याला उमगलें, इतकेंच.

हें सर्व परक्या भूमींतील झालें. त्याचें आपणांस काय, असें एखादा वाचक विचारील. आपल्याकडेहि ‘शुद्ध’ भारतीय संगीत, ‘अस्सल’ मराठी संगीत हे शब्द वरचेवर कानीं पडतात, म्हणून हा प्रश्न आपलाहि आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ च्या ‘सौभद्रां’तील पदांत कीर्तन व लावणी यांच्याबरोबर कानडी चालीहि आल्या. उत्तरेंतील किराना गांवचे अब्दुल करीमखाँ मिरजेस राहिले. त्यांनीं कर्नाटकी संगीतापासूनहि घेतलें, आणि मराठी पदें गाऊन घरोघर पोंचविलीं. राजस्थानांतून आलेल्या अल्लादियाखाँनीं कोल्हापुरास आपली गायकी वाढविली, ती आज मराठी माणूस आपली म्हणून अभिमानानें सांगतो. पंडित भातखंडे यांनीं चिजा जमविल्या त्या अनेक घराण्यांच्या मुसलमान गवयांकडूनहि. यांतून परकें म्हणून एकेक धागा ओढूं गेल्यास शेवटीं हातांत वस्त्र उरणार नाहीं, सूत तेवढें उरेल.

ज्या जिज्ञासु वाचकांस बार्टोकची साक्ष स्वतःच्या कानांनीं तपासावयाची असेल, त्यांनीं आधीं लिस्टची दुसरी ‘हंगेरियन रॅप्सोडी’ ऐकावी, मग बार्टोकचीं ‘रुमानियन लोकनृत्यें’, आणि शेवटीं ‘नृत्यमालिका’. तिन्ही मिळून तासाभराहून कमीच वेळ लागतो, आणि ध्वनिमुद्रणें आतां सहज मिळतात. पहिलींत हंगेरीचा दरबारी पोशाख दिसेल, दुसरींत शेजाऱ्याचें अंगण, आणि तिसरींत दोघांना सामावणारें घर. बार्टोक १९४५ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्क येथें वारला. त्याच्या अस्थि १९८८ सालीं बुडापेस्टला नेण्यांत आल्या. त्या शहरांत आज त्याच्या नांवाचा एक मोठा रस्ता आहे. त्यानें घातलेली अट तोंपर्यंत पुरी झाली होती.